मासा घडवणारी भांडी

बागेतल्या हौदात कमळाच्या पानांखालून फिरणारा गोल्डफिश हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, कार्प मासा. त्याचा रानटी पूर्वज चीनमध्ये आजही सापडतो. शेवाळी-राखाडी अंगाचा हा मासा कुणी ताटात वाढला तरच त्याच्याकडे लक्ष जावं. पण या जातीत अधूनमधून काळं रंगद्रव्य हरवलेलं एखादं पिल्लू मोठेपणी तांबूस-पिवळं होतं. नदीत असल्या पिल्लाला बगळ्याची नजर पडेपर्यंतचंच आयुष्य. चिनी ग्रंथांत तांबड्या खवल्यांच्या माशांचे जुने उल्लेख आहेत, पण ते तेवढ्यापुरतेच: मासा दिसला, नवल वाटलं, संपलं.

गोष्ट पुढे सरकली ती बौद्ध विहारांमुळे. पकडलेला जीव विकत घेऊन सोडून देणं हे पुण्यकर्म, आणि त्यासाठी विहारांजवळ जीवदानाची तळी असत. आगळ्या रंगाचा मासा सोडला तर पुण्य जास्त, अशी भावना असणं साहजिक आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या जियाशिंगमध्ये एका अधिकाऱ्याला तळ्यात सोनेरी मासे आढळले आणि ते तळं पुढे जीवदानाचं झालं. हांगचौच्या लिउहे पॅगोड्यामागच्या तळ्यातले असेच मासे अकराव्या शतकात कवी सू तुंगपो याने पाहिले होते.

पण नुसत्या अभयाने मासा बदलत नाही. महाडजवळ वाळणकोंडीत महसीर मासे देवीचे म्हणून राखले जातात, त्यांना कुणी हात लावत नाही. तरीही ते पूर्वी होते तसेच महसीर आहेत, कारण नदी वाहती आहे आणि यातला हा ठेव, तो काढ असं म्हणणारं कुणी नाही. चीनमधली तळी मात्र बंदिस्त होती. तिथे सोडलेले तांबडे मासे एकमेकांतच वाढत राहिले.

मग राजाला हौस आली. दक्षिण सुंग सम्राट गाओत्सुंगने ११६२ मध्ये गादी सोडली आणि हांगचौच्या निवृत्तीच्या वाड्यात सोनेरी माशांचं तळं राखलं. राजाने केलं ते सरदारांनी केलं, आणि माशांवर पोट भरणारे लोक तयार झाले. त्या काळचा लेखक युए के सांगतो, की राजधानीत मासा सोनेरी करून देणारे पाळणारे आहेत, पण आपली विद्या ते कुणाला सांगत नाहीत. माशांना ते शहराच्या गटारातले बारीक लाल किडे घालतात. वू शी नावाचा सेनापती सिचुआनला निघाला तेव्हा आपले मासे मागे ठेवायला तयार नव्हता. तीन मोठ्या नावांत तळ्याचं पाणी भरून त्याने ते बरोबर नेले. (पुढे त्याने सम्राटाविरुद्ध बंड केलं आणि जीव गमावला. माशांचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.)

इथवर सगळा बदल रंगाचा होता. अंगाची ठेवण जुनीच, लांबट आणि चपळ. ती बदलली मिंग काळात, मासा तळ्यातून रांजणात आल्यावर. माझ्या मते या माशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच. राजे आणि कवी नंतर. तळ्यात सगळे एकमेकांत मिसळतात. जन्मतःच शेपूट दुभंगलेलं पिल्लू तिथे दाण्यापर्यंत पोचतच नाही, धडधाकट भावंडं आधी खाऊन घेतात. रांजणात त्याला वेगळं ठेवता येतं, दाणा तोंडापुढे टाकता येतो आणि तसल्याच दुसऱ्याशी त्याची जोडी लावता येते.

१५९६ मध्ये चांग छियन्ते याने सोनेरी माशांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. या विषयावरचा हा पहिला स्वतंत्र ग्रंथ मानतात. त्याची पद्धत निष्ठुर आहे. उन्हाळ्यात बाजारातून काही हजार मासे आणायचे, काही डझन रांजणांत वाटायचे, रोज नावडते काढून टाकायचे आणि शंभरात एक-दोनच ठेवायचे. राज्याने माणसं निवडावीत तसंच हे, असं तो वर म्हणतो. जीवदानाच्या तळ्यात सुरू झालेला छंद सहा शतकांत इथवर आला होता.

रांजणातला मासा दिसतो वरून. म्हणून वरून जे शोभेल ते टिकलं: फुलासारखी पसरलेली दुहेरी शेपटी, आखूड गोल अंग, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले डोळे. पुढे पाठीवरचा पर नसलेली जात आली, डोक्यावर मांसल टोप चढलेली आली, आणि आभाळाकडे डोळे लावलेलीसुद्धा. ही शेवटची सम्राटाकडे बघता यावं म्हणून घडवली, असं सांगतात. कथा म्हणून ठीक आहे. पेकिंगमध्ये खात्यापित्या घराची खूण सांगणारी म्हण होती. तिच्यात अंगणातला मांडव आणि डाळिंबाचं झाड यांच्यामध्ये माशांचा रांजण येतो.

जपानमध्ये हा मासा १५०२ च्या सुमारास साकाई बंदरात उतरला, असं परंपरा सांगते. १७२४ मध्ये यानागिसावा योशिसातो या सरदाराची जहागीर कोरियामाला हलली आणि त्याच्याबरोबर गोल्डफिशही तिथे गेले. तुटपुंज्या मिळकतीच्या सामुराईंनी ते पाळून विकायला सुरुवात केली. त्या भागात शेतीसाठी राखलेली तळी भरपूर, आणि त्यांत पिल्लांना लागणारे पाणपिसूही भरपूर. हे कोरियामा, म्हणजे आताचं यामातोकोरियामा, आजही या धंद्यासाठी ओळखलं जातं. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर उन्हाळ्यात खांद्यावर कावड घेतलेले मासेवाले हाळी देत फिरत. तोसा प्रांतातली तोसाकिन ही जात तर भांड्याची थेट लेक म्हणावी. उथळ, गोल बुडाच्या पात्रात ती वाढवतात. मासा सतत गोल पोहतो आणि शेपटीच्या कडा पुढे वळतात. १९४५ ची बाँबफेक आणि १९४६ चा भूकंप यांत ती जवळजवळ नामशेष झाली होती.

युरोपात गोल्डफिश चिनी मातीच्या भांड्यांबरोबरची मिरवायची चीज म्हणून रुळला. इंग्रज उमराव होरेस वॉलपोलने आपल्या बागेतल्या तळ्याला एका चिनी सरोवराचं, पोयांगचं नाव दिलं आणि तिथले मासे मित्रांना वाटले. त्याची मांजर गोल्डफिशच्या चिनी मातीच्या टबात बुडून मेली, त्यावर थॉमस ग्रेने लिहिलेली कविता इंग्रजीत त्या माशांहून जास्त टिकली.

यानंतर भांडं पुन्हा बदललं. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. पुढच्या चार-पाच वर्षांत लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने काचेच्या टाकीत दोन छोटे गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजकी पानं खाते आणि पाणी न बदलता मासे जगतात, हे त्याने १८५० मध्ये मांडलं. मत्स्यालयाची वाट इथून खुली झाली, आणि मासा बाजूनेही पाहिला जाऊ लागला. ज्या जाती वरूनच बघायच्या म्हणून घडल्या होत्या, त्यांचा डौल काचेआड निम्मा हरवतो. रांचू या जपानी जातीचे जुन्या वळणाचे शौकीन म्हणूनच आजही ती उथळ परातीत, वरून पारखतात.

बागेतल्या तळ्याने आपला मासा वेगळा निवडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लांब, दुभंगलेल्या पण एकेरी शेपटीचा कॉमेट पुढे आला. अंगाने तो पूर्वजासारखाच सडपातळ, म्हणून उघड्या पाण्यात टिकतो. रांजणातल्या गोलमटोल जाती त्याच्याशेजारी सोडल्या तर दाण्याच्या शर्यतीत उपाशी राहतात. कडक थंडीत बर्फाखाली प्राणवायू संपला तरी गोल्डफिश काही काळ तग धरतो, कारण शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं तो अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. याच काटकपणामुळे ऑस्ट्रेलियातल्या आणि अमेरिकेतल्या नद्या-तलावांत लोकांनी सोडून दिलेले गोल्डफिश हाताबाहेर वाढले आहेत. ते तळाचा चिखल उकरतात, पाणी गढूळ करतात. तिथे मासा सोडणं हे आता पुण्य नाही, अनेक ठिकाणी गुन्हा आहे.

बागेत तळं करणाऱ्याला पहिल्या विणीनंतर हमखास वाटतं, की पिल्लं बिघडली. सगळी शेवाळी-करडी. ती जन्मतः तशीच असतात. रंग चढायला काही महिने लागतात आणि काहींना तो कधीच चढत नाही. चांग छियन्तेने अशी रोज वेचून काढली असती. तळ्यावर ते काम खंड्या आणि ढोकरी करतात, पण उलट बाजूने. वरून चटकन दिसतं ते तांबडं पिल्लू आधी जातं. पाळणाऱ्याने हात घातला नाही, तर काही पिढ्यांत तळ्यात शेवाळी मासेच जास्त दिसू लागतात.