विचारांचा इतिहास कोणाचा?

विचारांचा इतिहास म्हणजे थोर विचारवंतांच्या ग्रंथांचा इतिहास, अशी समजूत विद्यापीठांत बराच काळ होती. आर्थर लव्हजॉय यांच्या पुढाकाराने १९४० साली अमेरिकेत या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. एखादी कल्पना शतकानुशतके कसा प्रवास करते, याचा शोध ते घेत. १९६० नंतर सामाजिक इतिहासकारांनी विचारले, ग्रंथ न लिहिणाऱ्या शेतकरी-कामगारांचे काय? १९६९ साली क्वेंटिन स्किनर यांनी बजावले की, ग्रंथ त्याच्या काळातल्या वादाच्या संदर्भातच वाचला पाहिजे. आपले आजचे प्रश्न त्याच्या तोंडी घालू नयेत.

मुस्लिम जगाच्या बाबतीत हा बदल एका पुस्तकावरून नीट समजतो. अल्बर्ट हुरानी यांनी १९६२ साली १७९८ ते १९३९ या काळातील अरब विचारांचा इतिहास लिहिला. पॅरिसला राहून आलेले रिफाआ तहतावी, मुहम्मद अब्दुह, रशीद रिदा, ताहा हुसेन अशी मंडळी त्यात भेटतात. युरोपच्या आव्हानाला त्यांनी काय उत्तर दिले, हे त्याचे सूत्र. मुस्लिम समाज नवा विचारच करीत नाही, असे मानणाऱ्यांना तो चोख जबाब होता. परंतु १९८३ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हुरानींनी स्वतःच ग्रंथाच्या मर्यादा सांगितल्या. परंपरेच्या चौकटीत राहून विचार करणाऱ्यांकडेही लक्ष द्यायला हवे होते. हे विचार इतरांपर्यंत कसे पोचले, हेही पाहायला हवे होते, असा त्यांचा आशय होता. पुढच्या अभ्यासकांनी छापखाने, वृत्तपत्रे, भाषांतरे यांचाही मागोवा घेतला.

यात आपल्यासाठी धडा आहे. भारतीय मुस्लिमांचा वैचारिक इतिहास सांगताना सर सय्यद, आझाद, इक्बाल यांची नावे येतात. मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद मात्र संतसाहित्याच्या कप्प्यातच राहतात. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची मते ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. पण त्यांच्याशी वाद घालणारे मौलवी, त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तलाकपीडित स्त्रिया, दोन्हीकडचे ऐकून गप्प राहिलेले मोहल्ल्यातले लोक, यांनीही काही विचार केलाच होता. तो सभांच्या वृत्तांतांत, खाजगी पत्रांत, वडीलधाऱ्यांच्या आठवणींत शोधावा लागेल. कागद जीर्ण होतात, माणसे निघून जातात. ज्यांच्या विचारांची नोंद होत नाही, त्यांना विचार नव्हतेच, असे पुढे इतिहास म्हणतो. तो शिक्का टाळायचा तर ही नोंद आपणच, आपल्या मराठीत करायला हवी.