नाव बदला, चित्रपट दाखवा

बऱ्हाणपूरजवळच्या इच्छापूरहून एका श्रोत्याने पृच्छा केली आहे, की चित्रपट बहुतांशी तसाच ठेवून केवळ त्याचे नाव बदलावयास लावण्यात परकीय सरकारचे काय साधत असे? उत्तरासाठी आपणांस १९३० सालच्या कोल्हापुरास जावे लागेल.

'प्रभात फिल्म कंपनी' १ जून १९२९ रोजी तेथे स्थापन झाली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघेही बाबूराव पेंटर यांच्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'त तयार झालेले. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी. कोणी कुंचल्यात तरबेज, कोणी कॅमेऱ्यात, कोणी दिग्दर्शनात. एकेकट्याच्या बळावर संस्था उभी राहावी अशी ही माणसे एका छपराखाली आली, हा योग विरळाच म्हटला पाहिजे.

कायद्याची झळ त्यांना नवी नव्हती. त्यांचे गुरू बाबूराव यांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला, तेव्हा त्यातील कीचकवधाचे दृश्य अंगावर शहारे आणणारे म्हणून काढून टाकावे लागले होते. कीचक आणि सरकार यांचे वैर त्याहूनही जुने. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. नाटकांसाठी १८७६ चा कायदा होताच. चित्रपटांसाठी १९१८ चा कायदा आला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण मंडळे बसली. १९२१ सालच्या 'भक्त विदुर' चित्रपटात तर विदुराचा वेशच गांधीजींसारखा दिसतो म्हणून मद्रास व कराची येथे तो दाखविण्यास मनाई झाली. महाभारतातील एका पुण्यपुरुषाचे कपडे सरकारला सोसवले नाहीत!

अशा हवेत प्रभातकारांनी शिवचरित्र हाती घेतले. बाल शिवाजी तोरणा किल्ला घेतो, ही कथा. शिवाजीच्या भूमिकेत स्वतः शांताराम होते. चित्रपटाचे नाव ठेवले 'स्वराज्य तोरण'. नाव मोठे अन्वर्थक होते. तोरणा हा किल्लाही आणि शुभकार्यारंभी दारावर बांधावयाचे तोरणही. मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सरकारलाही तो लागला नाही. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरास काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केलेला, २६ जानेवारीस गावोगाव प्रतिज्ञा झालेली, मार्चमध्ये दांडीयात्रा निघालेली. त्या दिवसांत भिंतीवर चिकटविलेला 'स्वराज्य' हा एक शब्द म्हणजे सभाबंदीत भरलेली सभाच होती. चित्रपट तिकीट काढणाऱ्यालाच दिसतो. नाव मात्र रस्त्याने जाणारा प्रत्येकजण फुकट वाचतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. इच्छापूरच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

परीक्षकांनी नावास हरकत घेतली. शिवाजी झेंडा उभारतो त्या अखेरच्या प्रसंगावरही त्यांची कात्री चालली. नवी कंपनी, गुंतविलेला पैसा, आणि परवान्यावाचून चित्रपट म्हणजे डब्यात पडलेली फीत. भागीदारांनी नाव सोडले. 'उदयकाल' या नावाने तो चित्रपट १९३० साली प्रदर्शित झाला. मला या तडजोडीत नावापेक्षा झेंड्याचे जाणे अधिक लागते. मूकपटात शब्द थोडे, चित्रच बोलते. 'उदय' म्हटल्यावर कशाचा उदय हे प्रेक्षक ओळखणारच होते. पण पडद्यावर न फडकलेला झेंडा ओळखावा कसा?

पाच वर्षांनी हाच खेळ पुन्हा झाला. प्रभात तोवर पुण्यास आली होती आणि तिला बालगंधर्व येऊन मिळाले होते. ज्यांनी शकुंतला, भामिनी आणि सिंधू यांच्या रूपांनी महाराष्ट्राला वेड लावले, ते गंधर्व आता संत एकनाथांच्या पुरुषवेशात उभे राहणार, आणि तेही प्रभातच्या पडद्यावर! चित्रपटाचे नाव होते 'महात्मा'. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या नाथांची ही कथा. १९३२ चा पुणे करार आणि त्यानंतरचा गांधीजींचा हरिजनदौरा लोकांच्या स्मरणात ताजा होता. नावास पुन्हा हरकत आली आणि १९३५ साली चित्रपट 'धर्मात्मा' म्हणून लागला.

या वेळी मात्र नाव जाण्याने खरे नुकसान झाले. 'धर्मात्मा' म्हटले की डोळ्यांसमोर टाळ, वीणा आणि सोवळे येते. नाथांनी पैठणात जे केले ते सोवळ्याच्या विरुद्ध होते. 'महात्मा' या शब्दाने पैठणचे ते अंगण आणि त्या काळची अस्पृश्यतानिवारणाची चळवळ यांची गाठ घातली असती. ती गाठ सोडविणे हाच हरकतीचा हेतू असावा. बालगंधर्व आणि प्रभात यांचा संयोग या एका चित्रपटावरच थांबला. त्याला कारणे पैशाची होती, तशीच स्वभावाचीही. रंगभूमीवर 'वन्स मोअर'ला गाणाऱ्या कंठाला कॅमेऱ्यापुढे मोजून-मापून गाणे मानवण्यासारखे नव्हते.

१९१८ च्या कायद्याची जागा स्वतंत्र भारतात १९५२ च्या कायद्याने घेतली. 'कीचकवधा'च्या काळचा तो १८७६ चा नाटकांचा कायदा मात्र पुस्तकात राहिला होता. तो रद्द झाला २०१८ साली.