घरच्या बिअरची जन्मतारीख

फायलीवर तारीख पडल्याखेरीज काही घडले, असे आम्ही कारकून मंडळी सहसा मानीत नाही; पण अमेरिकेतील घरगुती बिअरच्या छंदाने आमचीही पंचाईत केली. १९३३ साली तेथील दारूबंदी उठली. घरच्या द्राक्षमद्यास मुभा मिळाली. बिअर मात्र वगळली गेली. हा लघुलेखकाचा हस्तदोष, असे तेथे सांगतात. (खापर फुटावयाचे ते आमच्याच पेशाच्या माथी!) पुढे ४५ वर्षे लोक मोडवलेल्या सातूचा अर्क उकळीत, यीस्ट घालून आंबवीत, बाटल्या भरीत; पण चोरून.

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी विधेयकावर सही केली. एका प्रौढाच्या घरास वर्षाला १०० गॅलन, अधिक प्रौढ असल्यास २०० गॅलन करमुक्त. अंमल १ फेब्रुवारी १९७९ पासून. राज्यांचे कायदे पुन्हा निराळेच. अलाबामा आणि मिसिसिपी येथे २०१३ साल उजाडावे लागले.

सहीचा दिवस आरंभ मानावा, तर त्या दिवशी बिअर गाळणारा कायद्याने अद्याप अपराधीच होता. म्हणून आमचे मत फेब्रुवारीच्या बाजूचे. मात्र ३१ जानेवारीच्या रात्री ज्याच्या पिंपात बिअर आंबत होती, त्याने बाटलीवर कोणती तारीख घालावी, हे आम्हांस ठरविता आलेले नाही.