वक्र सूक्ष्मवाहिन्यांमधील कणविलगीकरण

वक्र सूक्ष्मवाहिन्यांमधील कणविलगीकरण ही द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण किंवा पेशी त्यांच्या आकारमानानुसार वेगळ्या करण्याची एक पद्धत आहे. ती मायक्रोफ्लुइडिक्स, म्हणजेच सूक्ष्मप्रवाहशास्त्र, या शाखेत मोडते. अतिशय अरुंद, वळणदार वाहिनीतून द्रव पुरेशा वेगाने सोडला असता लहान व मोठे कण वेगवेगळ्या मार्गांनी जाऊ लागतात. वाहिनीच्या शेवटी असलेल्या फाट्यांतून ते स्वतंत्रपणे गोळा करता येतात. या पद्धतीत चाळणीसारखी छिद्रे नसल्यामुळे ती बुजण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तसेच विद्युत वा चुंबकीय क्षेत्राची किंवा पेशींवर रासायनिक खूण करण्याची आवश्यकता नसते. रक्तातील दुर्मीळ कर्करोगपेशी वेगळ्या काढणे हा या पद्धतीचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला उपयोग आहे.

इतिहास

ब्रिटिश गणितज्ञ विल्यम रेजिनाल्ड डीन यांनी १९२७ व १९२८ मध्ये वक्र नळीतील प्रवाहाचे गणिती विवेचन केले. अशा प्रवाहाचे वर्णन करणाऱ्या अंकाला त्यांच्या नावावरून 'डीन अंक' म्हणतात. सेग्रे व सिल्बरबर्ग या संशोधकांनी १९६१ मध्ये सरळ नळीतील कणांविषयीचे एक अनपेक्षित निरीक्षण प्रसिद्ध केले. द्रवाइतक्याच घनतेचे गोल कण वाहता वाहता नळीभर विखुरलेले न राहता एका कड्यात गोळा होत होते. हे कडे नळीच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट अंतरावर होते.

सूक्ष्म वाहिन्यांत श्यानतेचेच वर्चस्व असते व जडत्व नगण्य असते, असे दीर्घकाळ मानले जात असल्याने या निरीक्षणाचा तेथे उपयोग होण्यास बराच काळ गेला. दिनो दी कार्लो, मेहमेत टोनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सूक्ष्म वाहिन्यांतही जडत्वामुळे कण ठरावीक रेषांवर येतात हे दाखवून दिले. २००८ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठातील इयान पापाउत्स्की यांच्या गटाने सर्पिल वाहिनीत सुमारे २ व ७ मायक्रोमीटर व्यासाचे कण परस्परांपासून वेगळे केले.

कार्यतत्त्व

वाहिनीत द्रवाचा वेग मध्यभागी सर्वाधिक, तर भिंतीलगत जवळजवळ शून्य असतो. वेगातील या फरकामुळे कण भिंतीकडे ढकलला जातो. भिंतीजवळ पोहोचताच भिंतीचा प्रभाव त्याला आत लोटतो. या दोन परिणामांच्या बेरजेला जडत्वजन्य उत्थापक बल म्हणतात. ती जेथे परस्परांना तोलतात, तेथे कण स्थिरावतो.

वळणावर यात आणखी एका घटकाची भर पडते. मध्यभागी वेगाने वाहणारा द्रव जडत्वामुळे वळणाच्या बाहेरच्या भिंतीकडे सरकतो आणि त्याची जागा घेण्यासाठी वरच्या व खालच्या भिंतींलगतचा मंद द्रव आत परततो. त्यामुळे मुख्य प्रवाहाच्या आडव्या दिशेने फिरणारे दोन भोवरे निर्माण होतात. ढवळलेल्या चहाची पत्ती कपाच्या तळाशी मध्यभागी जमते, त्यामागेही अशाच प्रकारचा दुय्यम प्रवाह असतो. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये या उदाहरणावरून नद्यांच्या नागमोडी वळणांचे स्पष्टीकरण दिले होते.

विलगीकरणाचे मर्म या दोन बलांच्या आकारमानावरील अवलंबनात आहे. ढोबळमानाने उत्थापक बल कणाच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, तर भोवऱ्यांची ओढ केवळ व्यासाच्या प्रमाणात वाढते. कणाचा व्यास दुप्पट झाला, तर उत्थापक बल १६ पट होते, परंतु ओढ दुप्पटच होते. त्यामुळे मोठे कण आतल्या भिंतीजवळ टिकून राहतात, तर लहान कण भोवऱ्यांबरोबर फिरत तिच्यापासून दूर जातात.

रचना

वाहिनी बहुधा सपाट सर्पिलाच्या आकाराची असते व ती पारदर्शक सिलिकोन रबरात साच्याच्या साहाय्याने घडवतात. उदाहरणादाखल, ५०० मायक्रोमीटर रुंद व १५० मायक्रोमीटर उंच वाहिनीची वक्रता-त्रिज्या १ सेंटिमीटर असून तीतून पाणी सेकंदाला ०.४ मीटर वेगाने वाहत आहे असे मानू. येथे जडत्व व श्यानता यांचे गुणोत्तर दर्शवणारा रेनॉल्ड्स अंक सुमारे ९० आणि डीन अंक सुमारे १० येतो. हा प्रवाह संक्षुब्ध होत नाही, मात्र त्यात जडत्व दुर्लक्षणीयही नसते.

कणाचा व्यास वाहिनीच्या उंचीच्या सुमारे ०.०७ पटींहून अधिक असल्यास तो नीट एका रेषेवर येतो, असा संकेत आरेखनात पाळला जातो. वरील वाहिनीत ही मर्यादा सुमारे १०.५ मायक्रोमीटर ठरते.

उपयोग

ऑस्ट्रेलियातील वैद्य थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी १८६९ मध्ये कर्करोगाने मृत्यू पावलेल्या रुग्णाच्या रक्तात गाठीतील पेशींसारख्या पेशी पाहिल्याची नोंद केली होती. अशा पेशी मिळवणे मात्र अवघड असते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५ अब्ज तांबड्या व काही दशलक्ष पांढऱ्या पेशी असतात, तर कर्करोगपेशी अनेकदा बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. त्या बहुधा इतर रक्तपेशींहून मोठ्या असतात.

याचा लाभ घेऊन सिंगापूरमधील संशोधकांनी २०१३ मध्ये सर्पिल वाहिनीच्या साहाय्याने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातून अशा पेशी वेगळ्या केल्या. या रचनेत रक्त बाहेरच्या भिंतीकडून, तर स्वच्छ द्रव आतल्या भिंतीकडून सोडतात. लहान रक्तपेशी भोवऱ्याची एक फेरी पूर्ण करून बाहेरच्या भिंतीकडे परततात, तर मोठ्या पेशी आतल्या भिंतीजवळच राहतात. वेगळ्या झालेल्या पेशी जिवंत राहू शकत असल्याने त्यांचा पुढील अभ्यास शक्य होतो. रक्तद्रव वेगळा करणे व पाण्यातील सूक्ष्म कण काढणे यांसाठीही ही पद्धत अभ्यासली गेली आहे.

मर्यादा

ही पद्धत पेशीचे आकारमान ओळखते. तिचा प्रकार ओळखत नाही. काही कर्करोगपेशी पांढऱ्या पेशींएवढ्याच असतात व त्या निसटू शकतात, तर मोठ्या पांढऱ्या पेशी कर्करोगपेशींबरोबर गोळा होतात. त्यामुळे अंतिम ओळख रंजकद्रव्ये व सूक्ष्मदर्शक यांच्या साहाय्यानेच पटवावी लागते. दाट रक्तात पेशी परस्परांवर आदळून आपला मार्ग सोडतात. म्हणून रक्त आधी पातळ करावे लागते किंवा त्यातील तांबड्या पेशी फोडून काढाव्या लागतात. पेशींचा लवचिकपणा व आकार यांचाही त्यांच्या स्थानावर परिणाम होतो. प्रवाहाचा वेग बदलला की बलांचा समतोल बदलतो, त्यामुळे प्रत्येक वाहिनी विशिष्ट वेगाच्या व आकारमानाच्या मर्यादेतच उपयोगी पडते.