अक्षयनीवी आणि वालधुनी : उद्योग व यात्रा यांच्या शाश्वततेचा एक स्थानिक विचार

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविषयक आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर मराठीत ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. आता तो उद्योग आणि पर्यटन या दोन्ही क्षेत्रांत सर्रास आढळतो. ‘शाश्वत’ हे विशेषण मूळचे आत्मा, धर्म, सत्य यांच्याकरिता योजलेले. ते वस्तूचा नित्यपणा सांगते, परंतु तो टिकविण्यासाठी कोणी काय करावयाचे, हे सांगत नाही. याच आशयाचा, पण आचरणाचे बंधन घालणारा एक शब्द महाराष्ट्रातील प्राकृत शिलालेखांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी प्रचलित होता. तो शब्द म्हणजे ‘अखयनिवि’, संस्कृत ‘अक्षयनीवी’. प्रस्तुत लेखात त्याचा अर्थ स्पष्ट करून अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या तीन नगरांच्या इतिहासास तो लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१. शब्दाचा अर्थ

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जमेतून खर्च वजा जाता उरणाऱ्या शिलकेस ‘नीवी’ म्हटले आहे. पुढे या शब्दास मुद्दल, भांडवल असा अर्थ आला. ज्या मुद्दलास हात लावावयाचा नाही, ती अक्षयनीवी. नाशिक येथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. त्यात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवल्याचा उल्लेख येतो : एकीकडे २००० शेकडा १ दराने व दुसरीकडे १००० शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हे एकूण २४० होतात. २००० वर दरमहा शेकडा १ प्रमाणे वर्षाचे व्याज नेमके तेवढेच भरते. हिशेब इतका काटेकोर आहे की मुद्दलास स्पर्श करण्याची गरजच उरू नये.

लेखातील दोन शब्द विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. ‘अपडिदातवा’, म्हणजे परत न करावयाचे. आणि ‘वधिभोजा’, म्हणजे केवळ वृद्धी भोगावयाची. यांतील ‘वधि’ हीच आपल्या ‘वाढीदिढी’तील वाढी होय. हा व्यवहार निगमसभेत ऐकविण्यात आला व फलकावर नोंदविण्यात आला, असेही लेख सांगतो. म्हणजे व्यवस्थेची तीन अंगे होती : अभंग मुद्दल, ठरलेला उपभोग आणि जाहीर नोंद.

उत्तर कोकणातील शिलाहारकालीन गद्धेगळांत चौथे अंग स्पष्ट दिसते. शिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढवाचे शापचित्र. चंद्रसूर्य मुदत सांगतात, मजकूर अटी सांगतो आणि शाप दंड सांगतो. दंडावाचून ‘आचंद्रार्क’ हा शब्द पोकळ ठरतो, हे त्या काळच्या लेखकांस पुरते ठाऊक होते.

२. व्यापारी, वाटसरू आणि पाणी

कल्याण हे बंदर व नाणेघाट ही त्याची घाटवाट. घाटमाथ्यावर पाण्याचे एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिले, असे तेथील लेखावरून कळते. कान्हेरीस कल्याणच्या एका सोनाराने टाके खोदविले. टाक्याला या लेखांत ‘पोढी’ म्हणतात. ज्या वाटेने माल जावयाचा, त्या वाटेवर पाणी राखणे हे व्यापाराचेच अंग मानले जात होते. उद्योग आणि यात्रा यांचा दुवा येथे पाणी हाच आहे.

अंबरनाथचे शिवालय याच परंपरेच्या प्रदेशात, वालधुनीच्या काठी उभे आहे. मंदिरातील लेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष असून शिलाहार राजा मम्वाणी याचा निर्देश आहे. भाऊ दाजी यांनी हे वर्ष शके ७८२ असे वाचले होते. भगवानलाल इंद्रजी यांनी ते दुरुस्त केले. पायऱ्या उतरून खोल गर्भगृहात जावे लागते. महाशिवरात्रीस येथे आजही मोठी यात्रा भरते.

३. आधुनिक उद्योग

वालधुनी काकोळ्याकडील डोंगरात उगम पावून अंबरनाथ व उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. ब्रिटिश अमदानीत रेल्वेने काकोळे येथे तलाव बांधला. १९२३ साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथेत निघाला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण साहित्याचे कारखाने व पुढे रासायनिक वसाहत आली. बदलापूरजवळ औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये बारवी धरण पुरे केले. पुढे त्याची उंची वाढविताना काही गावे व पाडे पाण्याखाली गेले. नीवी वाढली, पण ती कोणाच्या ठेवीतून वाढली, हे विसरून चालणार नाही.

उल्हासनगरची कथा निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्पच्या बराकींत १९४७ नंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची स्थापना झाली. या लोकांचे मुद्दल सिंधमध्येच राहिले होते. अंगचे कसब, परस्परांतील पत आणि वाहते पाणी एवढ्यावर त्यांनी कापड, फर्निचर व जीन्स यांचे व्यवसाय उभारले. या कर्तृत्वाची थोरवी मान्य करूनच पुढील गोष्ट सांगितली पाहिजे : तिन्ही नगरांच्या हिशेबात पाण्याची नोंद मुद्दल म्हणून कधी झालीच नाही. रंग, रसायने व सांडपाणी यांनी नदीचा नाला झाला. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर, उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल संबंधित पालिका व सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांस सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. शिळेच्या तळाचे चित्र असे पुन्हा कोरावे लागले, परंतु ते मजकुराच्या आधी.

४. निष्कर्ष

दंड आधी आणि अटी मागाहून, हा क्रम उलटा आहे. केवळ कारखान्यांस टाळे लावल्याने कामगाराची भाकरी जाते आणि दूषित पाण्याचे ठिकाण तेवढे बदलते. म्हणून नदी किती पाणी व किती शुद्धता देऊ शकते, हे मुद्दल प्रथम मोजावे. त्याच्या वाढीतून कोणी किती घ्यावे, हे ठरवावे. आणि प्रत्येक घटकाचा हिशेब पालिकेच्या सभेत वाचून फलकावर लावावा. विणकरांच्या श्रेणी हे करीत होत्या. आजच्या कारखानदारांच्या संघटनांस ते अशक्य मानण्याचे कारण नाही.

पर्यटनासही हीच कसोटी लागू आहे. शिवालयाच्या परिसराचे सुशोभीकरण, दिवे, फरसबंदी हा सर्व व्याजाचा खर्च आहे. घाट म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. ज्या पाण्यात यात्रेकरू पाय बुडवू शकत नाही, तेथे घाट बांधणे म्हणजे मुद्दल बुडाले असता व्याजाची वही सजविणे होय. मंदिराने सुमारे साडेनऊशे पावसाळे पाहिले. त्याच्या शेजारची नदी जाण्यास मात्र काही दशकेच पुरली. या दोन मुदतींतील अंतर मोजणे, हेच येथील शाश्वततेच्या विचाराचे पहिले काम आहे.