घर पाहावं दुरुस्त करून

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण ज्याने काढली, त्याने घराची दुरुस्ती कधी केली नसावी. केली असती तर तो तिथेच थांबला नसता. बांधकामाला निदान शेवट असतो. वास्तुशांत होते, पेढे वाटले जातात, गवंडी उरलेले पैसे मागून मागून दमतो आणि प्रकरण मिटतं. दुरुस्तीला शेवट नसतो. भिंतीत एक खिळा ठोकायला जावं तर पोपडा पडतो, पोपडा काढावा तर गिलावा सुटतो, गिलाव्यामागून माती येते, आणि माती झाडून टाकावी तर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर दिसू लागतं.

आमच्या शाखेतला एक तरुण कॅशियर सध्या याच वाटेवर आहे. नगरच्या जुन्या पेठेत वडिलार्जित घर. वर माळवद, खाली ओल. गवंड्याने सांगितलेला आकडा ऐकल्यावर नवरा-बायकोने ठरवलं की आपणच करायचं. दर रविवारी ती माल कालवते, तो थापी चालवतो, आणि चार वर्षांची कन्या ओल्या कोब्यावर चालत जाऊन आपल्या पावलांचे ठसे उमटवते. सोमवारी तो काउंटरवर बसतो तेव्हा नोटांना चुना लागतो. परवा जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "नगरात आमच्याआधी कुणी स्वतःचं घर स्वतः दुरुस्त केलंय का हो? का आम्हीच पहिले येडे?"

म्हटलं, पहिले कसे? चांगलं नावाजलेलं एक कुटुंब होऊन गेलंय. त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

कुटुंबाचं नाव निजामशाही. मूळचे लोक पाथरीकडचे. मलिक अहमदचे वडील मलिक हसन हे जन्माने पाथरीच्या एका ब्राह्मणाचे चिरंजीव. लहानपणी बहमनी फौजेच्या हाती सापडले, मुसलमान झाले आणि वाढत वाढत बहमनी दरबारचे वजीर झाले. चिरंजीव अहमद यांनी नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला, म्हणजे राज्य. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्यांनी बहमनी फौजेला हरवलं आणि जिथे जिंकलं तिथेच बाग केली, बागेत महाल बांधला. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, सीनेच्या काठी शहर वसवायला घेतलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. घर बांधलं की दारावर आपल्या नावाची पाटी लावायची हौस कुणाला नसते? यांची पाटी जरा मोठी होती, एवढंच.

महालाभोवती त्यांनी कोट घातला तो मातीचा. त्या काळात तो पुरेसा होता. पण पुढची पिढी सुधारली. १५४९ साली याच नगरात 'मुलूख-ए-मैदान' नावाची अजस्र तोफ ओतली गेली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे आणि सहलीला आलेली मुलं तिच्या तोंडात डोकं घालून ओरडतात. ज्या घराने असली तोफ केली, त्या घराला तोफेपुढे मातीच्या भिंतीचं काय होतं हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

तेव्हा अहमदचा नातू हुसेन निजामशहा याने १५५९ च्या सुमारास घराची दुरुस्ती काढली. मातीचा कोट जाऊन घडीव दगडाचा तट आला. घेर सुमारे एक मैलाचा, बुरूज दोन डझनांच्या आसपास, भोवती रुंद खंदक. घरात बायको खुंजा हुमायून, मुलगे मुर्तजा आणि बुऱ्हाण, आणि साधारण नऊ-दहा वर्षांची मुलगी चांद. म्हणजे मुलंबाळं असलेलं, ऐन उमेदीतलं कुटुंब, आणि घरात गवंडी. बखरकार लढायांची वर्णनं करतात, गवंड्यांची करत नाहीत. त्यामुळे राजकन्या बांधकामावर जाऊन बसत होती की नव्हती, हे कुठे लिहिलेलं नाही. पण घरात गवंडी आहेत आणि नऊ वर्षांचं मूल तिकडे फिरकत नाही, असं घर मी अजून पाहिलेलं नाही.

दुरुस्ती वेळेवर झाली. थोड्याच वर्षांत विजयनगरचा रामराया आणि विजापूरचा आदिलशहा मिळून नगरवर चालून आले. वेढ्याची छावणी सीनेच्या अंगाला पडली आणि एका रात्री सीनेला पूर येऊन छावणीच वाहून गेली, असं फिरिश्ता लिहितो. सध्याची सीना पाहणाऱ्या नगरकराला हे वाचून पहिला प्रश्न पडतो तो पाणी आलं कुठून हा. पण फिरिश्ता नगरातच वाढलेला माणूस. नदीच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पुढे १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. त्याआधी सोयरीक म्हणून चांदला विजापूरच्या अली आदिलशहाला दिलं आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला दिला. हल्लीच्या वरपक्षाने कृपया याची नोंद घेऊ नये. लढाई जिंकून हुसेन परतला आणि त्याच वर्षी वारला. मुर्तजा लहान. घर सांभाळलं ते आईने. खुंजा हुमायूनने काही वर्षं कारभार पाहिला, आणि मग थोरला झालेल्या मुलाने तिला बाजूला सारलं.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची एक सचित्र पोथी आहे. त्या घराचा कौटुंबिक अल्बमच म्हणा ना. हुसेनशहा सिंहासनावर बसलाय आणि शेजारी राणी. पण बहुतेक चित्रांत राणीवर नंतर कुणीतरी रंग फिरवलाय. ती सत्तेवरून गेल्यावर हे झालं असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. घराच्या भिंतीला रंग लावलेला आपण पाहतो. घरच्या बाईवरच रंग फिरवलेला पाहिला की हसू येत नाही.

मुर्तजाला बांधकामाची हौस मात्र दांडगी. शहराबाहेर त्याने फराहबाग काढला. मधोमध तलाव, तलावात महाल. नियामत खानाने महाल बांधून पुरा केला. मालक पाहायला आले. मालकांना तो आवडला नाही. माळा बसवून झाल्यावर "इथे नको होता" म्हणणारे गृहस्थ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात. घरातल्या बायका त्यांच्याकडे नुसतं पाहतात, तेवढ्याने भागतं. शहाकडे असं कोण पाहणार? त्याने अख्खा महाल पाडायला लावला आणि काम सलाबत खानाकडे दिलं. नवा महाल १५८३ मध्ये पुरा झाला. तो आजही उभा आहे, आणि पडका असूनही देखणा आहे. पण मालकाला लाभला पाचच वर्षं. मुर्तजाचं डोकं तोवर ठिकाणावर राहिलं नव्हतं. १५८८ मध्ये त्याच्या मुलाने त्याला हमामखान्यात कोंडून मारलं. म्हणजे महालाचा आराखडा दोनदा काढला, बाप-लेकांमधली भेग एकदाही कुणी तपासली नाही.

इथे थोडं हिशेबाचं बोलू. आम्ही वाणिज्य शाखेचे लोक खर्चाचे दोन भाग पाडतो, भांडवली आणि महसुली. नवी इमारत भांडवली. ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून वर्षानुवर्षं मिरवते. दुरुस्ती महसुली, ती मुकाट्याने नफातोट्याच्या खात्यात जाते आणि मार्चअखेर संपली की कुणाला आठवत नाही. इतिहासही वाणिज्य शाखेतूनच पास झालेला दिसतो. बांधणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. डागडुजी करणाऱ्याचं नाव कोण लिहून ठेवणार?

अपवाद एकच, आणि तो याच घरातला.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. चांदने विजापूरला पुतण्याच्या नावाने काही काळ कारभार सांभाळला आणि पुढे ती माहेरी आली. माहेर म्हणजे काय उरलं होतं? भाऊ गेलेले, सरदारांचे चार तट, प्रत्येकाच्या काखेत एक एक वारस. तिने भावाच्या नातवाला, बहादूर नावाच्या लहानग्याला, गादीचा धनी ठरवलं आणि घराची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. आणि १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन दारात आला.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. मोगलांच्याच छावणीतल्या एका माणसाने रात्री येऊन त्यांच्या जागा आत सांगितल्या. दोन सुरुंग आतून निकामी करण्यात आले. तिसरा खणून काढत असतानाच उडाला, आणि हुसेनशहाच्या त्या तटाचा सुमारे पन्नास यार्डांचा तुकडा आकाशात गेला. फेब्रुवारी १५९६. बाहेरचे लोक लगेच आत घुसले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण ते उरलेले सुरुंग उडायची वाट पाहत थांबले. वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याची पद्धत आपल्याकडे इंग्रजांनी आणली, हा गैरसमज आहे.

तेवढ्या वेळात चांदबिबी बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. पळू पाहणारे सरदार लाजेने परतले. संध्याकाळपर्यंत हल्ल्यामागून हल्ले परतवले. गोळे संपले तेव्हा तिने तोफेत तांब्याची नाणी घातली, मग चांदीची, मग सोन्याची, शेवटी दागिने, अशी दंतकथा आहे. आमच्या दृष्टीने हा खर्च कोणत्या खाती टाकावा हा प्रश्नच आहे. पण दंतकथा उगाच जन्मत नाहीत. घर वाचवताना बाई प्रथम काय काढून देते, हे लोकांनी घरोघरी पाहिलेलं असतं.

खरी गोष्ट त्यानंतरची. रात्र पडली. मोगल छावणीत परत गेले, उद्या सकाळी येऊ म्हणून. आणि चांदबिबीने त्या रात्री भिंत बांधायला घेतली. दगड, माती, हाताला लागेल ते. ना मुकादम, ना ओळंबा, ना आराखडा. स्वतः तिथे उभं राहून तिने रात्रभर काम करवून घेतलं, आणि उजाडलं तेव्हा खिंडारात पुरुषभराहून उंच भिंत होती. सकाळी मोगल आले आणि भिंतीकडे पाहत राहिले. जिला लोक चांदबिबी म्हणत होते तिला चांद सुलताना म्हणू लागले. वऱ्हाड देऊन तह झाला, घर राहिलं.

सांगायची गोष्ट अशी, की बापाने जी भिंत तीनेक वर्षांत उभी केली, तीच मुलीने एका रात्रीत सावरली. मला राहून राहून वाटतं, दगडावर दगड कसा बसतो हे तिने नऊ वर्षांची असताना त्या बांधकामावरच पाहिलं असणार. मुलं ओल्या कोब्यावर चालतात म्हणून आपण ओरडतो. त्यांच्या डोक्यात काय उमटतंय ते आपल्याला दिसत नाही.

पण त्या घरातलं एक खिंडार तिलाही बुजवता आलं नाही. चारच वर्षांनी, १६०० मध्ये, मोगल पुन्हा आले. आता लढण्यात अर्थ नाही, पोराला जपून वाटाघाट करावी, असं ती म्हणाली. ती शत्रूला सामील झाली अशी आवई आतल्याच एकाने उठवली आणि आतल्याच लोकांनी तिला ठार मारलं. त्यानंतर काही दिवसांतच किल्ला पडला. सुरुंगाने पडलेली भिंत रात्रीत बांधता येते. माणसांत पडलेल्या भेगेला कुठलाही चुना धरत नाही.

नगरपासून पाथर्डीच्या वाटेवर डोंगरमाथ्यावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. बाहेरगावचे पाहुणे तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणून फोटो काढतात. वास्तविक ती सलाबत खानाची कबर आहे. फराहबाग पुन्हा बांधून देणारा तोच. पण लोकांनी त्याची कबर परस्पर तिच्या नावावर करून टाकली आहे, नोंदणी फीसुद्धा न भरता.

किल्ल्याचे पुढे बरेच भाडेकरू झाले. १८०३ मध्ये इंग्रज आले. १९४२ च्या ऑगस्टात त्यांनी काँग्रेसचे बारा नेते इथे आणून ठेवले. नेहरूंनी हातात कुदळ घेतली आणि अंगणात बाग केली. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागले, असं त्यांनी इथेच लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त नोंदवलं आहे. घर आपलं नाही, दार बाहेरून बंद, तरी माणसाला माती सारखी केल्याशिवाय राहवत नाही.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. नावाच्या वादात मी पडत नाही; आमचे निम्मे रबरी शिक्के अजून बदलायचे आहेत. पण हिशेबनीस म्हणून मला एक गोष्ट दिसते. याच जिल्ह्यातल्या चौंडीला १७२५ मध्ये जन्मलेली ती मुलगी. नवरा गेला, सासरा गेला, मुलगा गेला, आणि तिने राज्य सांभाळून उभ्या देशातल्या पडक्या देवळांची आणि घाटांची कामं काढली. काशी विश्वेश्वराचं मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभं राहिलं ते तिच्यामुळे. त्यातला बराच खर्च खासगीतून. म्हणजे आधी या शहरावर बांधणाऱ्याच्या नावाची पाटी होती, आता पडलेलं पुन्हा उभं करणारीची आहे. दुरुस्तीची रक्कम ताळेबंदात आलेली मी पहिल्यांदाच पाहतो आहे.

खुंजा हुमायूनच्या चित्रावरचा रंग मात्र अजून तसाच आहे. ते काम बाकी आहे. दुरुस्तीला शेवट नसतो, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.