युनिव्हर्सिटी चेस्ट

युनिव्हर्सिटी चेस्ट : इंग्लंडमधील ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांत पैसा, सनदा व तारण ठेवण्यासाठी वापरात असलेली भक्कम पेटी. पुढे विद्यापीठाच्या मध्यवर्ती निधीलाही हेच नाव पडले.

उगम : १२०९ मध्ये ऑक्सफर्डच्या नागरिकांनी काही विद्यार्थ्यांना फाशी दिले. त्याच्या भरपाईदाखल गरीब विद्यार्थ्यांसाठी दरसाल ५२ शिलिंग देण्याचे बंधन पोपच्या प्रतिनिधीने १२१४ मध्ये शहरावर घातले. या रकमेच्या आधारे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी १२४० मध्ये सेंट फ्राइड्सवाइड मठात कर्जपेटी सुरू केली. कर्ज बिनव्याजी, पण तारणावर मिळे. तारण म्हणून बहुधा हस्तलिखित ग्रंथच येत. मुदतीत न सोडवल्यास ते विकले जात. कोणता ग्रंथ कुणी, केव्हा, किती रकमेला गहाण टाकला, याच्या नोंदी काही ग्रंथांच्या कोऱ्या पानांवर अजून वाचता येतात. पेटीच्या किल्ल्या निरनिराळ्या रक्षकांकडे असल्याने ती एकट्याला उघडता येत नसे.

केंब्रिजमधील लूट : १३८१ च्या शेतकरी उठावात जमावाने ग्रेट सेंट मेरी चर्चमधील विद्यापीठाची पेटी फोडली आणि सनदा बाजारचौकात जाळल्या. शहरावरील विद्यापीठाच्या हक्कांचा पुरावा त्या कागदांत असल्याने रोख पैशापेक्षा त्यांच्यावरच रोष अधिक होता. उठाव मोडल्यावर राजाने विद्यापीठाचे अधिकार उलट वाढवले.

रचना : जुन्या पेट्या लाकडी असून त्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असत. सोळाव्या-सतराव्या शतकांत न्यूरेंबर्ग व दक्षिण जर्मनीतील कारागिरांच्या संपूर्ण लोखंडी पेट्या युरोपभर पोहोचल्या. दर्शनी भागावरचे नक्षीदार कुलूपभोक फसवे असे. खरे भोक झाकणाच्या मध्यभागी सरकत्या तुकड्याखाली दडवलेले असे. तिथे एकच किल्ली फिरवली की झाकणाच्या कडांचे सगळे अडसर एकदम मागे सरत. शिवाय बाहेरून टाळी लावण्यासाठी कोयंडे असत. अशा पेट्यांना ‘आर्मडा चेस्ट’ म्हणतात. मात्र १५८८ च्या स्पॅनिश आरमाराशी त्यांचा संबंध नाही. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयाचे संस्थापक सर थॉमस बोडली यांच्या नावाने ओळखली जाणारी लोखंडी पेटी याच प्रकारची आहे.

नावाचा विस्तार : बँका व आधुनिक तिजोऱ्या आल्यावर पेट्यांचा वापर संपला, पण नाव टिकले. ऑक्सफर्डचे वित्तखाते विसाव्या शतकातही ‘युनिव्हर्सिटी चेस्ट’ म्हणून ओळखले जाई. केंब्रिजच्या अंदाजपत्रकातही ‘चेस्ट’ आणि ‘चेस्टबाहेरील’ अशी निधीची विभागणी रूढ झाली.